स्वयंपाकघरातली भाषा आणि मालकांचे हसू

आफ्रिकान्स भाषेतील पहिले नाटक कोणते, असे विचारले की इतिहासाची पुस्तके सहसा एस. जे. द्यु टॉइट यांच्या १८९६ सालच्या ‘माग्रिता प्रिन्स्लो’कडे बोट दाखवतात. लेखक गोरा, नायिका गोरी, पार्श्वभूमी बोअरांच्या महास्थलांतराची. राष्ट्रवाद्यांना हवी तशी ही कुलीन सुरुवात आहे. परंतु त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, नोव्हेंबर १८३८ मध्ये, केप वसाहतीच्या पूर्व सीमेवरील ग्रॅहमस्टाउन गावी (२०१८ पासून ज्याचे नाव मखांडा आहे) हौशी इंग्रज नटमंडळींनी एक लहानसे एकपात्री प्रहसन रंगमंचावर आणले होते. त्याचे नाव ‘काट्ये केकेलबेक’, म्हणजे आपल्याकडे ‘बडबडी काट्ये’ म्हणता येईल. थोडे गाणे, थोडे गद्य, आणि भाषा निम्मी मोडकी इंग्रजी, निम्मी ती डच बोली जिला त्या काळी कोणी आफ्रिकान्स म्हणतही नव्हते. स्वयंपाकघरातील भाषा, एवढीच तिची ओळख होती. ही भाषा रंगमंचावरून प्रेक्षकांच्या कानी पडल्याचा अगदी आरंभीचा दाखला म्हणून या एकांकी खेळाचा उल्लेख होतो. आणि ती तेथे आली ती एका खोई स्त्रीच्या तोंडून, चेष्टेचा विषय होऊन.

काट्ये कॅट रिव्हर वसाहतीतली आहे. मिशनऱ्यांच्या शाळेत ती अक्षरे गिरवून आली आहे, आणि कोरडीच राहिली आहे. ती दारू पिते, चोरी करते, तुरुंगात जाऊन येते आणि हे सारे बिनदिक्कत सांगते. प्रेक्षकांना हसू येणारच. पण ते हसू काट्येपुरते नव्हते. तो टोला लंडन मिशनरी सोसायटीचे डॉ. जॉन फिलिप यांना आणि त्यांच्या लंडनमधील सहानुभूतीदारांना होता. तुम्ही ज्यांना माणूस करायला निघालात ती ही माणसे, असे त्या खेळाचे म्हणणे होते.

हा टोला १८३८ मध्येच का, याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात सापडणार नाही. ते मजुरीच्या इतिहासात आहे. १८२८ च्या पन्नासाव्या वटहुकुमाने खोईंना परवान्यावाचून फिरण्याचा आणि जमीन धारण करण्याचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी कॅट रिव्हरच्या खोऱ्यात त्यांना जमिनी देण्यात आल्या. (त्या जमिनीवरून आधी खोसा सरदार माकोमाला हुसकावले होते, हेही विसरून चालणार नाही. साम्राज्याचे औदार्य बहुधा दुसऱ्याच्या खिशातून होते.) खोईंनी तेथे पाट खणले, शेती उभी केली, शाळा चालवल्या. जो माणूस स्वतःच्या पाटाचे पाणी स्वतःच्या शेताला देतो, तो दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला मिळेल त्या मजुरीवर जात नाही. सीमेवरील मेंढपाळ मालकांचे दुखणे ते हेच. १८३४ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने भटक्यांविरुद्ध कायदा संमत केला. बिनकामाचा दिसेल त्याला धरा आणि कामाला लावा, हा त्याचा अर्थ. लंडनने तो नामंजूर केला. १८३६ मध्ये युद्धात बळकावलेला क्वीन ॲडलेड प्रांतही खोसांना परत देणे भाग पडले. त्याच वर्षी कॅट रिव्हरचे आंद्रिस स्टॉफल्स यांनी ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे जाऊन साक्ष दिली. ते घरी परत पोहोचू शकले नाहीत. १८३७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका खोई माणसाने राजधानीत जाऊन मालकांविरुद्ध बोलावे, ही गोष्ट ग्रॅहमस्टाउनला किती झोंबली असेल, याची कल्पना काट्येच्या बडबडीवरून येते.

आणखी एक तारीख ध्यानात घ्यावी. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण गुलामांना ‘उमेदवार’ म्हणून आणखी चार वर्षे मालकाकडेच ठेवण्यात आले. ही मुदत १ डिसेंबर १८३८ रोजी संपत होती. मालकांना भरपाईपोटी केपमध्ये बारा लाख पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. गुलामांना दमडीही नाही. खेळ झाला तो त्या तारखेच्या तोंडावर. आळशी, दारुडी, चोरटी काट्ये त्या प्रेक्षागृहात नुसती विनोदाचे पात्र नव्हती. ज्यांच्या हातून मजूर निसटत होता त्यांचा तो युक्तिवाद होता, आणि युक्तिवादाला टाळ्या मिळाल्या की पुरावा मागण्याचे कारण उरत नाही.

लेखकद्वयांपैकी अँड्र्यू गेडीस बेन हा कर्तबगार गृहस्थ होता. स्कॉटलंडहून आलेला हा खोगीरकार पुढे रस्तेबांधणीत आणि भूगर्भशास्त्रात नावारूपाला आला. १८५३ मध्ये खुला झालेला बेन्स क्लूफ घाट आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. तो घाट कैद्यांच्या श्रमाने खोदला गेला. भटक्यांना हसणाऱ्या लेखकाच्या कीर्तीचा रस्ता कैद्यांनी बांधावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही. त्या अर्थव्यवस्थेत भटक्या आणि कैदी यांच्यामध्ये एका दंडाधिकाऱ्याच्या सहीचे अंतर होते.

मालकांना हवे होते ते १८४१ च्या मालक-नोकर वटहुकुमाने पुष्कळसे मिळाले, आणि १८५६ च्या केप कायद्याने ते पक्के झाले. नोकराने करार मोडणे हा दिवाणी वाद न राहता फौजदारी गुन्हा झाला. हे कायदे १९७४ मध्ये रद्द झाले. कॅट रिव्हरच्या काही लोकांनी १८५१ मध्ये बंड केले. त्यानंतर तेथील जमिनी जप्त झाल्या आणि गोऱ्यांना ते खोरे मोकळे झाले.

भाषेचे पुढे काय झाले? १८७५ मध्ये पार्ल येथे द्यु टॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘खऱ्या आफ्रिकानरांची’ संस्था काढली आणि स्वयंपाकघरातील ही बोली देवाने गोऱ्या बोअराला दिलेली भाषा ठरली. त्या सुमारास केप टाउनचे मुसलमान हीच भाषा अरबी लिपीत लिहीत होते. अबू बक्र एफेंदींचा धर्मविषयक ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. गुलामांनी, दायांनी, गुराख्यांनी घडवलेली भाषा त्यांच्याच देखत दुसऱ्याच्या नावावर चढली. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि दासी प्राकृत, हे आपण शिकलो आहोत. दासींची प्राकृत उचलून राजाने तीच आपली कुलभाषा ठरवावी आणि दासीला दाराबाहेर काढावे, असा प्रकार मात्र आपल्याही नाट्यशास्त्राला सुचला नव्हता. १९२५ मध्ये हर्ट्झोग पंतप्रधान असताना आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. पुढे तीच भाषा सक्तीने काळ्या मुलांच्या माथी मारली गेली आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील मुले रस्त्यावर आली. त्यांच्या लेखी ती पोलिसांची भाषा होती. त्या मुलांना दोष देता येत नाही, पण काट्येच्या नातवंडांवर यात दुहेरी अन्याय झाला: भाषा गेली, आणि तिची बदनामीही वाट्याला आली.

आज आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. त्यांच्यापैकीच ॲडम स्मॉल यांनी १९६५ मध्ये ‘कान्ना हाय को हायस्तू’ हे नाटक केप फ्लॅट्सच्या गोरगरिबांच्या बोलीत लिहिले. ग्रॅहमस्टाउनच्या प्रेक्षकांनी जिला हसून दाद दिली होती, त्या काट्येच्या बोलण्याशी या बोलीचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच की स्मॉल यांच्या नाटकात हसणारे आणि रडणारे त्याच घरातले आहेत. आफ्रिकान्स साहित्याचा सर्वोच्च समजला जाणारा, त्याच हर्ट्झोग यांच्या नावाचा पुरस्कार नाटककार म्हणून स्मॉल यांना २०१२ मध्ये मिळाला. तेव्हा त्या नाटकाला सत्तेचाळीस वर्षे झाली होती आणि ते स्वतः पंचाहत्तर वर्षांचे होते.