शिफारशीआधी मजुरी

3 डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो 1992 साली जाहीर केला. या दिवसाच्या निमित्ताने केंद्र सरकार अपंगांना व त्यांच्यासाठी झटणाऱ्या व्यक्ती-संस्थांना राष्ट्रीय पुरस्कार देते. वाशीत महापालिकेचे ईटीसी केंद्र अपंग मुलांना शिक्षण-प्रशिक्षण देते. पुढे त्यांना काम देणे आपल्या हाती आहे.

नवी मुंबईतील व्यापारी व कारागीर बांधवांनी आपल्यातील लायक व्यक्तीचे नाव या पुरस्कारासाठी जरूर सुचवावे, असे आम्हाला वाटते. पण शिफारस कामगिरीची असावी, कीव म्हणून नव्हे. शिलाई मशीनवर बसलेल्या मुक्या कारागिराला इतरांपेक्षा कमी मजुरी द्यायची, हजेरीपटावर त्याचे नावही लावायचे नाही आणि मग त्याच्या जिद्दीचे कौतुक करायचे, याला काय अर्थ?

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि आस्थापनांना समान संधीचे धोरण जाहीर करण्यास सांगितले. खैरात वेगळी, मेहनताना वेगळा. आधी पूर्ण मजुरी द्या, हजेरीपटावर नाव लावा, मगच अर्ज भरा. पुरस्कार मिळो न मिळो, कारागिराचा हक्क तरी त्याच्या पदरात पडेल.