रिकामा रकाना

कारखान्याचं पाणी प्रक्रिया करून, प्रमाणकात बसवून सोडलं जातं. मग ते शेताला दिलं तर बिघडलं कुठे? पाण्याच्या पुनर्वापराची चर्चा निघाली की हा युक्तिवाद हटकून येतो. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन येतात. पीक तर तरारून येतंय, हा एक. आणि भाजी नीट धुऊन शिजवली की झालं, हा दुसरा. तिन्ही इतक्या शांतपणे मांडले जातात की शंका घेणाराच अडाणी ठरतो.

तर ती प्रमाणकंच उघडून पाहू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याचा तक्ता आहे. त्यात चार रकाने आहेत: नदीनाल्यात सोडायचं पाणी, शहराच्या गटारात सोडायचं, सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं आणि समुद्रात सोडायचं. आता शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त या ओळींवरून बोट फिरवत तिसऱ्या रकान्यात या. तिथे फक्त आडवी रेघ आहे. आर्सेनिकला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. या सहा धातूंना कसलीच नाही. जी मर्यादा लिहिलेलीच नाही, तिच्या आत असल्याची ग्वाही आपल्याला दिली जाते!

यावर कोणी म्हणेल, मग पहिला, नदीचा रकाना लावा. लावू. तिथे कॅडमियमला लिटरमागे २ मिलिग्रॅम चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये सिंचनाच्या पाण्यासाठी सुचवलेला आकडा आहे ०.०१. म्हणजे दोनशेपट फरक. संघटनेचा आकडा हेक्टरी वर्षाला १०,००० घनमीटर पाणी धरून काढलेला आहे. तेवढं पाणी २ मिलिग्रॅमवाल्या नाल्यातून दिलं, तर हेक्टरभर जमिनीत वर्षाला २० किलो कॅडमियम पडेल. वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीचं वजन ढोबळमानाने दोन हजार टन धरलं, तर दर किलो मातीत वर्षाला १० मिलिग्रॅमची भर. निरोगी मातीत ते एरवी एक मिलिग्रॅमच्याही खाली असतं. एवढं कॅडमियम सहसा कुणी सोडत नाही, हे कबूल. पण याच्या विसाव्या हिश्शाने सोडलं, तरी वीस वर्षांत तेवढंच साचणार. कायदा मोजतो नळाच्या तोंडाशी, आणि धातू साठतो वाफ्यात. तो कुजत नाही, उडून जात नाही.

कानपूरचं जाजमऊ या पद्धतीचा नमुना आहे. गंगा कृती योजनेत १९९४ साली तिथे रोज ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. त्यात ९ दशलक्ष लिटर पाणी चामड्याच्या कारखान्यांचं आणि २७ शहराच्या मैल्याचं, असं मिश्रण आराखड्यातच होतं. केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. क्रोमियम खाऊन संपवणारा जिवाणू नसतो. ते गाळात बसतं, नाहीतर पाण्याबरोबर पुढे जातं. आणि पुढे पाट होता, पाटावर गावांची शेतं होती. मैल्यात मिसळून धातू पातळ होतो, घटत नाही. उलट निव्वळ मैलापाणी, जे खरोखरच शेतीच्या कामाचं होतं, तेही नासलं.

पीक तरारतं ते त्याच मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर. माणसाला अपाय होईल इतकं कॅडमियम पानात असूनही पालक हिरवागार दिसू शकतो. धुण्याचं म्हणाल, तर त्यात अर्धसत्य आहे. मुंबईत रुळालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीवरचं शिसं पुष्कळसं धुळीतून पानावर बसतं, ते नळाखाली बरंच निघतं. मुळातून वर चढलेलं कॅडमियम मात्र पानाच्या आत असतं. ते धुऊन निघत नाही, शिजवून मरत नाही, आणि मूत्रपिंडात गेलं की दहा ते तीस वर्षांत जेमतेम निम्मं होतं.

मात्र 'नाल्यावरची भाजी म्हणजे विष' असे निरोप मोबाइलवर फिरवणाऱ्यांचीही बाजू मला घेता येत नाही. सगळे धातू सारखे वागत नाहीत; त्रिसंयुजी क्रोमियम बहुतांशी मुळाशीच अडतं. आणि त्या आरडाओरड्यात भाजी उपटली जाते ती शेतकऱ्याची. नळ चालूच राहतो. ज्याच्या विहिरीत पाणी उरलेलं नाही त्याला 'ते पाणी घेऊ नकोस' सांगायला काय जातं?

मग करायचं काय? जपानच्या तोयामा प्रांताकडे पाहावं. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला मित्सुई कंपनीची कामिओका खाण होती, जस्त-शिशाची. तिचं कॅडमियम नदीतून भातखाचरांत उतरलं. मूत्रपिंडं निकामी होऊन हाडं ठिसूळ झाली. रुग्णांत बहुतेक उतारवयातल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका. वेदनेच्या आकांतावरूनच रोगाला 'इताई-इताई' नाव पडलं. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केलं, १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही कंपनी हरली. नुकसानभरपाईपेक्षा मोलाचा मला वाटतो तो त्याच वर्षीचा करार: गावकऱ्यांनी हवं तेव्हा तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरावं, नमुने घ्यावेत, आणि खर्च कंपनीने सोसावा. तेव्हापासून ही तपासणी दरवर्षी होत आली आहे. खाचरांची माती सुधारण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं.

आपल्याकडे एवढं तरी व्हावं. तिसरा रकाना भरा, आणि तो लिटरमागे नको, हेक्टरी वर्षाच्या भारात भरा. कातडी कमावणाऱ्यांचं आणि मुलामा देणाऱ्यांचं पाणी मैल्यात मिसळण्याआधी कारखान्यातच वेगळं काढा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात खालच्या गावांना आत शिरून नमुने घेण्याचा हक्क लिहा, माती-परीक्षणाचं बिल कारखान्याच्या नावे काढा. निकाल येईपर्यंत त्या रानात पालेभाजीऐवजी कापूस किंवा फुलं घ्यायची, तर भावातला फरकही त्याच बिलात धरा.

याने उद्योग पळून जातील, असं म्हणणारे भेटतीलच. कामिओकात खनिज काढणं २००१ मध्ये थांबलं. त्याच डोंगराच्या पोटात आज न्यूट्रिनोंची जगप्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. जस्त गाळणारा कारखाना मात्र दर वर्षीच्या तपासण्या सोसूनही चालूच आहे.