अंग बाहेर येणे आणि शरीराचा तोल

‘अंग बाहेर येणे’ हे शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारले जातात. पुष्कळदा उच्चारलेही जात नाहीत. चार बाळंतपणे झालेली सासू आणि पहिल्या बाळंतपणातून उठलेली सून एकाच छताखाली हे दुखणे सोसत असतात, आणि एकीचे दुसरीला ठाऊक नसते. दिवस कलला की ओटीपोट जड होते, खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते, आडवे झाल्यावर आराम पडतो. मग प्रवास टाळला जातो, लग्नकार्यात मागे राहणे होते. या दुखण्याने जिवाला सहसा धोका नसतो. परंतु ते स्त्रीचे जगणे हळूहळू आक्रसून टाकते. वास्तविक त्याला सावरण्याचे पुष्कळसे उपाय रोजच्या उठण्या-बसण्यातच आहेत.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ही झोळी खालून आधार देते, तर वरून व बाजूंनी बंध त्यांना धरून ठेवतात. बाळंतपणात हे स्नायू व बंध ताणले जातात, कधी फाटतात. रजोनिवृत्तीनंतर त्यांचा चिवटपणा कमी होतो. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन आणि जड ओझी यांची भर पडली की वरचा दाब पेलेनासा होतो. मग मूत्राशय पुढून, गुदाशय मागून किंवा गर्भाशय मधून योनिमार्गात उतरू लागते.

हा दाब नेमका कोठे पडावा, हे बऱ्याच अंशी शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असते. मनुष्य ताठ उभा राहतो तेव्हा श्रोणी किंचित पुढे कललेली असते आणि कमरेला नैसर्गिक बाक असतो. त्यामुळे पोटातील भाराचा काही अंश पुढच्या हाडावर व पोटाच्या भिंतीवर पेलला जातो. पाठीला पोक काढून, कंबर सपाट करून, माकडहाड आत ओढून उभे राहिले की तोच भार सरळ झोळीच्या मधल्या फटीकडे वळतो. पोक काढून बसल्यावर झोळीचे स्नायू ताठ बसण्याच्या मानाने सैल पडतात, हेही मोजमापांतून दिसले आहे.

म्हणून उभे राहताना दोन्ही पावलांवर भार सारखा असावा. गुडघे ताणून कुलूपबंद करू नयेत. छातीचा पिंजरा श्रोणीच्या बरोबर वर यावा, खांदे सैल असावेत आणि माथा वर उचलल्यासारखा वाटावा. पोट आत ओढून धरू नये, कारण त्याने दाब खालीच ढकलला जातो. बाहुबलींच्या मूर्तीतील कायोत्सर्गाची मुद्रा आठवली तर हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन्ही पाय सम, हात सैल सोडलेले, शरीर सरळ पण ताणरहित! त्या मुद्रेचा हेतू आत्मिक आहे. परंतु ओट्यापाशी तासन्‌तास एका पायावर रेलून उभे राहणाऱ्या गृहिणीला तिच्यातील समतोल उपयोगी पडावा.

सामायिकात 48 मिनिटे एका जागी बसावे लागते. तेव्हा कुल्ल्यांखाली घडी घातलेली जाड बैठक घेतली की गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसण्यात संकोच मानू नये. जमिनीवरून उठताना एकदम झटका न देता आधी कुशीकडे वळावे, एक पाऊल रोवावे, चौरंगाचा किंवा भिंतीचा आधार घ्यावा आणि श्वास सोडत उठावे.

श्वासाचे हे सूत्र सर्वत्र लागू आहे. श्वास कोंडून जोर लावला की पोटातील दाब एकदम वाढतो. श्वास सोडताना झोळी वर उचलली जाण्यास मदत होते. भरलेली कळशी, धान्याचा डबा किंवा नातवंड उचलण्यापूर्वी वस्तू अंगाजवळ घ्यावी, गुडघे वाकवावेत, तळाचे स्नायू आवळावेत आणि श्वास सोडत उचलावे. शिंक किंवा खोकला येण्याच्या क्षणीही हे स्नायू आधी आवळावेत. कळशी अर्धीच भरावी. नातवंडाला खुर्चीवर बसून मांडीवर चढू द्यावे.

शौचास कुंथणे हा या दुखण्याचा मोठा शत्रू. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवावा, गुडघे कमरेपेक्षा वर यावेत, किंचित पुढे झुकून पोट सैल सोडावे. ज्या घरांत सूर्यास्तानंतर पाणी घेतले जात नाही, तेथील स्त्रिया कामाच्या घाईत दिवसाही पाणी कमी पितात आणि मग बद्धकोष्ठ होते. सकाळपासून ठरावीक वेळाने पाणी पीत राहिल्यास नियमही पाळला जातो आणि कोठाही साफ राहतो.

ठेवणीला व्यायामाची जोड मात्र हवीच. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. वायू व लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच आत व वर ओढावेत, जमेल तितके, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. लघवी करताना हा सराव करू नये. 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 447 स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना तज्ज्ञाने हा व्यायाम प्रत्यक्ष शिकवला, त्यांचा त्रास वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी आढळला. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनही सौम्य अवस्थेत किमान 16 आठवडे असा व्यायाम आधी करून पाहण्यास सांगते. चार दिवसांत गुण न आल्यास निराश होण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. नीट उभे राहिल्याने किंवा बसल्याने बाहेर आलेले अंग जागेवर जाते, असे सिद्ध झालेले नाही. योग्य ठेवण रोजचा ताण हलका करते. फाटलेले बंध ती सांधत नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी होणे आवश्यक आहे. गरजेप्रमाणे आधाराची रिंग बसवता येते. शस्त्रक्रिया करावी लागली तरी प्रत्येक वेळी गर्भाशय काढावेच लागते असे नाही. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय राखून त्याला आधार देणारी शस्त्रक्रिया विकसित केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लघवी अडणे, बाहेर आलेल्या भागावर जखम होणे, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

घरातील इतरांचेही कर्तव्य आहेच. बाळंतिणीला पहिले काही आठवडे जड काम न देणे, पाण्याचे भांडे मुलाने किंवा पतीने उचलणे, दुपारी वीस मिनिटे आडवे पडणाऱ्या सुनेला आळशी न म्हणणे, यास पैसा लागत नाही. आणि सासूने एकदा धीर करून आपले दुखणे सुनेजवळ बोलून दाखवले, तर कदाचित दोघी एकाच दिवशी डॉक्टरांकडे जातील.