जांभळ्या फुलांचा हिशेब

पावसाळा ओसरला की कामवारी नदीचा प्रवाह मंदावतो आणि पुलावरून जाणाऱ्या भिवंडीकरांना पाण्याच्या जागी हिरवेगार शेत दिसू लागते. त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलतात. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर निळा डाग आणि त्यात पिवळा ठिपका असतो, मोरपिसावरील डोळ्यासारखा. ही जलपर्णी. तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आली आणि तिला आवरण्यासाठी १९३६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला.

व्यापारी घराण्यांना चक्रवाढीचे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. ऊब आणि पोषक पाणी मिळाले, तर जलपर्णीचा विस्तार सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. दिवाळीला एक गुंठा व्यापणारी जलपर्णी याच गतीने वाढली, तर संक्रांतीपर्यंत बत्तीस गुंठे होते. एक गुंठा साफ करणे हा किरकोळ खर्च. बत्तीस गुंठ्यांसाठी यंत्रे आणि निविदा लागतात. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते.

तळ्याच्या संसारात फुलणाऱ्या वनस्पतींना हक्काचे स्थान आहे. कमळ आणि कुमुदिनी यांची मुळे गाळात रुजतात. त्यांच्या पानांमधील मोकळ्या जागेतून ऊन खाली उतरते. पानांच्या सावलीत माशांची पिले लपतात, पानांच्या पाठीवर गोगलगायी अंडी घालतात, देठांच्या आधाराने चतुरांच्या अळ्या वाढतात. लांब बोटांचा कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटे करतो. जलपर्णीच्या झुपकेदार मुळांतही बारीक जीवांना आसरा मिळतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती तरंगती असल्याने विरळ राहत नाही. रोपाला रोप भिडून जाड गालिचा तयार होतो. मग ऊन अडते, पाण्याखालील वनस्पती मरतात, वरची पाने कुजून खाली बसतात आणि उरलासुरला प्राणवायू त्या कुजण्यातच खर्च होतो. मासे गुदमरतात. डासांचे मात्र फावते.

तरीही सारा दोष या वनस्पतीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ती पोसली जाते सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर. कामवारीत घरगुती सांडपाण्याबरोबर कापड उद्योगाचे पाणीही मिसळत आले आहे. सुताला लावलेल्या खळीचा अंश पाण्यात गेला की तोही प्राणवायू खातो. जलपर्णी हे सारे शोषून घेते. वेळीच काढून दूर नेली, तर शोषलेली घाणही तिच्याबरोबर बाहेर जाते आणि तिचे खत करता येते. काठावरच कुजू दिली, तर जमा झालेले सारे पुन्हा पाण्याच्या खाती. हा दुसरा प्रकारच अधिक पाहायला मिळतो.

अनेक घरांत एक प्रश्न संकोचाने विचारला जातो : हजारो रोपे उपटणे आणि मुळांतील त्रस जीवांना पाण्याबाहेर ओढणे ही हिंसा नव्हे काय? आहेच. म्हणूनच रोप उपटण्याआधी नाल्याकडे पाहणे अधिक विवेकाचे ठरते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत सरोवर-तलाव शोषून टाकण्याचा धंदा गणला आहे. पाण्याचा थेंबही न आटवता तळे निर्जीव करता येते, हे मात्र यंत्रमागाच्या या नगरीने दाखवून दिले. कारखान्याचे पाणी शुद्ध करूनच सोडण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरायचा की नदीच्या माथी टाकायचा, हा निर्णय पेढीवरच होतो.

कामवारी पुढे खाडीला मिळते. खारे पाणी जलपर्णीला सोसत नाही, त्यामुळे पुराबरोबर वाहून गेलेला तिचा बराच भाग तेथे नष्ट होतो. तलावाला अशी सोय नाही. शहराच्या काही भागाला पाणी देणाऱ्या वऱ्हाळदेवी तलावाच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जलपर्णीचे पहिले झुपके बहुधा नाल्याच्या तोंडाशी किंवा निर्माल्य साचलेल्या कोपऱ्यात दिसतात. त्या वेळी सारी जलपर्णी मिळून एका टोपलीत मावते.