बांधावरचे शेजारी

जालना जिल्ह्यात गोदावरीच्या काठी शहागड हे गाव वसले आहे. नदीच्या वरच्या अंगाला, पैठण येथे, नाथसागर आहे. तेथील पाणपक्ष्यांसाठी शासनाने १९८६ साली अभयारण्य घोषित केले. परंतु सगळेच पक्षी काही अभयारण्यात राहत नाहीत. तितर बांधालगतच्या झुडपात अंडी घालतो. सुगरण विहिरीवरच्या बाभळीला घरटे टांगते. पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. यांचे घर म्हणजे कोणा ना कोणा शेतकऱ्याची खाजगी जमीन होय.

अशी जागा राखताना शेतकऱ्याला झीज सोसावी लागते. बाभळीच्या सावलीत पीक खुरटते, पाखरे ज्वारीचे दाणे टिपतात आणि झुडपांनी व्यापलेल्या जागेत पेरणी करता येत नाही. उलट, पिंगळा उंदीर खातो, मधमाश्यांमुळे फळे धरतात, गवताची मुळे माती धरून ठेवतात. त्याचा लाभ साऱ्या शिवाराला होतो. लाभ सर्वांचा आणि तोटा एकट्याचा, हा कोणता न्याय? म्हणून जो शेतकरी वन्य जीवांसाठी आपल्या जमिनीचा तुकडा राखतो, त्याला शासनाने साहाय्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, "भूतदया हा धर्म आहे; त्याचे मोल कसले मागावे?" हे खरे, परंतु ज्याचे पोट त्या जमिनीवर अवलंबून आहे, त्याला उपदेश पुरत नाही. नुसता कायदाही पुरत नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य झाले. त्यात पुष्कळ खाजगी शेते आली. जमिनीच्या वापरावर बंधने आल्यामुळे लोकांना तो पक्षी अडचणीचा वाटू लागला आणि पुढे अभयारण्याचे क्षेत्र बरेच कमी करावे लागले.

साहाय्याची रीत आपल्याकडे अगदीच नवी नाही. रानडुकरांनी वा हरणांनी पिकाची नासाडी केली, तर वनविभाग भरपाई देतो. २०१८ साली शासनाने रोजगार हमी योजनेतून शेताच्या बांधावर झाडे लावण्यास साहाय्य देऊ केले. अमेरिकेत तर १९८५ च्या कायद्यान्वये, शेतजमीन गवताखाली वा झाडांखाली राखणाऱ्यास सरकार दरवर्षी भाडे देऊ लागले. आपल्याकडेही नवे रोप लावणाऱ्याप्रमाणे जुनी बोर राखणाऱ्याचा विचार व्हावा. मात्र हा पैसा जनतेचा आहे; म्हणून झाडझुडूप खरोखर राखले आहे की नाही, हे दरवर्षी पाहूनच तो द्यावा.

बांध शेतकऱ्याचा असला, तरी त्यावरची पाखरे साऱ्यांची आहेत. ती राखण्याचा भारही साऱ्यांनीच वाटून घेतला पाहिजे.