चोवीस तासांचा हिशेब

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला म्हणजे आयती सुटी मिळाली, असा जो समज चहाच्या टपरीपासून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यापर्यंत दृढ झालेला आहे, तो मूळचे सरकारी गणित पाहिले असता टिकत नाही. १२ फेब्रुवारी २०२० रोजी मंत्रिमंडळाने हा निर्णय घेतला तेव्हा जी आकडेमोड लोकांपुढे ठेवण्यात आली ती अशी होती : पूर्वी वर्षात कामाचे दिवस २८८ आणि रोजचे काम सव्वासात तास, म्हणजे वर्षाकाठी २,०८८ तास, यापुढे दिवस २६४ आणि रोजचे काम आठ तास, म्हणजे २,११२ तास. चोवीस दिवस कमी झाले आणि चोवीस तास वाढले. तेव्हा ज्याला आपण सुटी म्हणतो ती वस्तुतः रोज पाऊण तासाचा हप्ता भरून घेतलेली, आणि वर थोडे व्याजही लागलेली, अशी वस्तू आहे; तिच्यावरून कारकुनाचा हेवा करण्याआधी हा जमाखर्च एकदा वाचावा.

माझी तक्रार मात्र निराळी आहे. तासांचे गणित झाले. परिणामांचे झाले नाही. वीज, पाणी आणि वाहनांचे इंधन वाचेल, कर्मचाऱ्याला कुटुंबासाठी वेळ मिळेल, कार्यक्षमता वाढेल, अशा अपेक्षा निर्णयाच्या समर्थनार्थ सांगण्यात आल्या, आणि त्यांतली एकही मला अवाजवी वाटत नाही. परंतु अपेक्षा खरी ठरली की खोटी हे पाहण्यासाठी त्याच वेळी पाहणीची तजवीज करावी, तिला एक लेखाशीर्ष द्यावे आणि त्यावर थोडी रक्कम टाकावी, असा शिरस्ताच आपल्याकडे नाही. २९ फेब्रुवारी, हा त्या व्यवस्थेतला पहिला शनिवार. तेथून चार आठवडे पुरते लोटण्याच्या आत टाळेबंदी आली, कचेऱ्या ओस पडल्या, आणि ज्या वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना करावयाची ते वर्षच तुलनेच्या कामातून बाद झाले. दैवाचा भाग सोडून दिला तरी एवढा उरतोच, की लाखो माणसांच्या दिनक्रमाची फेरमांडणी करणारा प्रयोग आपण केला आणि प्रयोगवही मात्र उघडली नाही.

वही उघडली असती तर तिच्यात काय लिहावे लागले असते? पहिला प्रश्न अर्थातच लोकांच्या कामाचा. फेरफाराची नोंद, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला या गोष्टी पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागल्या की उशिरा? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा सेवांना मुदती घालून दिल्या असल्यामुळे अर्ज आला कधी आणि निकालात निघाला कधी, याच्या तारखा दप्तरातच आहेत. त्या कोणी शोधून आणायच्या नाहीत, केवळ मांडायच्या आहेत. दुसरा प्रश्न असा, की आठव्या तासाचे काम पहिल्या तासाच्या कामाइतके कसाचे असते काय. तिसरा प्रश्न प्रकृतीचा, आणि त्याचे उत्तर आजारी रजेच्या नोंदींत पडून आहे. चौथा प्रश्न घराचा आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे.

माझ्या परिचयातल्या एक बाई विरारला राहतात आणि चर्चगेटजवळच्या एका कचेरीत काम करतात. पूर्वी साडेपाचला कचेरी सुटे, आता सव्वासहाला सुटते. आणि मुंबईच्या लोकलमध्ये साडेपाचच्या आणि सव्वासहाच्या गर्दीत जो फरक आहे तो ज्याने भोगला आहे त्यालाच कळेल. साठ किलोमीटरांचा तो प्रवास संपवून बाई घरी पोहोचतात तेव्हा मुलाचा अभ्यास घेण्याची वेळ निघून गेलेली असते. शनिवार कसा जातो असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पाच दिवसांचं साठलेलं घर आवरते, आणि घरात सगळे असतात म्हणून स्वयंपाकही दोनदा होतो.” त्यांच्या यजमानांनाही, ते दुसऱ्या सरकारी खात्यात असल्यामुळे, तोच शनिवार मोकळा मिळतो, त्याचे ते काय करतात हे मी सौजन्याने विचारले नाही. एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये हे मला मान्य आहे. पण केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे निघाली आहे, आणि ज्या देशात ही स्थिती आहे तेथे सुटीचा वाढीव दिवस स्त्रीला विश्रांती देतो की दुसरी पाळी देतो, हे गृहीत धरण्याचे नव्हे, मोजण्याचेच काम आहे.

मोजण्याची विद्या या प्रांताला नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला तेव्हा आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्तानंतर काम बंद, एवढ्या साध्या मागण्या त्यात होत्या. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे १९२१ साली मुंबई सरकारने आपले कामगार कार्यालय स्थापन केले. त्या कार्यालयाने गिरण्यांतील वेतनाची आणि कामाच्या तासांची रीतसर चौकशी केली, कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च घरोघर जाऊन टिपले, ‘लेबर गॅझेट’ नावाचे मासिक काढले, आणि हे सर्व अशा काळात, जेव्हा राज्यकर्ते परके होते आणि मतदाराला जबाबदार नव्हते. आठवड्याची कायदेशीर मर्यादा १९२२ मध्ये साठ तासांवर, १९३४ मध्ये चौपन्नावर आणि १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना आरंभिलेल्या प्रयत्नांचे फळ म्हणून, अठ्ठेचाळिसावर आली, तेव्हा त्या प्रत्येक पायरीवरच्या वादाला असल्या कागदांचा आधार होता. परक्या सरकारने ठेवलेले दप्तर आपल्या सरकारने ठेवू नये, हे मनाला लागते.

असे दप्तर किती काळ उपयोगी पडते याचा एक विलक्षण दाखला इंग्लंडमधला आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीचा विचार करण्यासाठी १९१५ मध्ये तेथे एक समिती नेमली गेली, आणि तिच्या वतीने व्हर्नन नावाच्या शास्त्रज्ञाने आठवड्याला किती तास काम झाले आणि किती नग निघाले याच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. युद्ध चालू, आघाडीवर तोफगोळ्यांची टंचाई, प्रत्येक तास मोलाचा. तरीही कोणी तरी वही घेऊन यंत्रापाशी उभा होता. त्याच नोंदी स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, नव्या पद्धतीने तपासल्या, तेव्हा असे दिसले की आठवड्याला सुमारे एकोणपन्नास तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढते, त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो, आणि सत्तर तास राबून जे निघते ते छप्पन्न तासांच्या उत्पादनाहून फारसे अधिक नसते. शिवाय रविवारची विश्रांती काढून घेतली तर उत्पादनाचे नुकसान होते. लोखंड्यांनी केवळ माणुसकीच्या बळावर जे मागितले त्याला हिशेबाचाही पाठिंबा होता, हे कळायला इतका अवधी आणि दुसऱ्या देशातली एक वही लागली. आपल्याकडे मात्र सत्तर आणि नव्वद तासांच्या गोष्टी मोठे उद्योगपती व्यासपीठावरून सांगतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्यावर चर्चा झोडतात, आणि दोन्ही पक्षांपाशी आकडा म्हणून परदेशचाच असतो.

आता प्रश्न पैशांचा, आणि तोच मुख्य आहे; कारण संशोधनाचा खर्च कोणी केला यावर त्याच्या निष्कर्षाची पत ठरते. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ६१ संस्थांनी वेतन न कापता आठवडा आखडण्याचा जो सहा महिन्यांचा प्रयोग केला त्याचा बोलबाला आपल्याकडेही झाला, आणि त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते यात शंका नाही. तथापि त्या संस्था आपणहून पुढे आलेल्या होत्या आणि प्रयोगाची जुळवाजुळव करणाऱ्यांत या कल्पनेचे पुरस्कर्तेच होते. ज्याला पोहण्याची हौस आहे त्यालाच विहिरीत सोडून ‘पोहणे सोपे आहे’ असा निष्कर्ष काढावा, तसे थोडेसे हे होते. २०२५ मध्ये सहा देशांतल्या १४१ संस्थांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात आठवडा न बदललेल्या काही संस्था तुलनेसाठी घेतल्या होत्या, ही सुधारणा खरी. पण तेथेही सहभागी संस्थांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती.

याउलट स्वीडनमधील गोटेनबर्ग नगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून केलेला प्रयोग पाहा. तेथील स्वार्टेडालेन या वृद्धाश्रमात २०१५ पासून सुमारे दोन वर्षे परिचारिकांना आठ तासांच्या पगारात सहा तासांचे काम देण्यात आले; ६८ परिचारिकांचे तास घटले म्हणून सतरा माणसे नव्याने घ्यावी लागली, आणि त्यापायी सुमारे एक कोटी वीस लाख क्रोनर खर्च झाला. आजारी रजा कमी झाल्या, वृद्धांच्या वाट्याला अधिक सहवास आणि अधिक करमणूक आली, आणि तरीही खर्च पेलणार नाही म्हणून नगरपालिकेने प्रयोग पुढे चालवला नाही. पुष्कळांनी याला अपयश म्हटले. मला ते तसे वाटत नाही. सुख किती मिळते आणि त्याची किंमत काय पडते, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर यावेत, याहून सार्वजनिक पैशाचा चोख वापर कोणता? पुढचा निर्णय लोकप्रतिनिधींचा. पण तो डोळे उघडे ठेवून झाला.

आपल्याकडे या निकडीला आता धार आली आहे, कारण काटा उलट दिशेनेही फिरू लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर, आणि दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहावर नेण्यास संमती दिली. तिमाहीतले जादा काम ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत वाढवण्याचेही ठरले. कामगाराची लेखी संमती आवश्यक राहील असे सांगितले गेले, आणि कंत्राटी कामगाराची लेखी संमती कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. बारा चोक अठ्ठेचाळीस, या पाढ्याच्या आधारे यालाच कोणी चार दिवसांचा आठवडाही म्हणेल. म्हणोत बापडे. पण सलग अकराव्या आणि बाराव्या तासाला प्रेस मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची बोटे चौथ्या तासाइतकीच सुरक्षित असतात काय, याचे उत्तर पाढ्यात नाही. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम केल्याने पक्षाघात आणि हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्यांतली चाकण, बुटीबोरी आणि तारापूर येथली किती, हे सांगू शकेल असा माणूस आपण नेमला पाहिजे.

तेव्हा मागणे एवढेच, की राज्याच्या अंदाजपत्रकात कामाच्या तासांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यावर दरसाल दहा कोटी रुपये ठेवावेत. २०२५-२६ चे अंदाजपत्रक सात लाख कोटींच्या घरातले आहे. म्हणजे सत्तर हजार रुपये खर्च करताना एक रुपया बाजूला काढावा, इतकीच ही रक्कम होते. ती खर्च करणारे खाते आणि तास ठरवणारे खाते एक नसावे. अभ्यासाचा आराखडा आधी प्रसिद्ध करावा, निष्कर्ष सरकारला रुचो वा न रुचो तो छापण्याचे बंधन घालावे, आणि कारखानदारांच्या संघटनेची वा कामगार संघटनेची देणगी त्यात मिसळू देऊ नये. शाळांची छपरे गळत असताना हा चोचला कशाला, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. परंतु छपरासाठी पैसे देताना आपण गवंड्याला मापे घ्यायला लावतोच. माणसाच्या दिवसाची लांबी ठरवताना तेवढेही करीत नाही.

प्रयोगासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. पाच दिवसांच्या आठवड्यातून वगळलेल्या पोलिसांसाठी मुंबईत २०१६ साली, बारा तासांऐवजी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो आधी देवनारच्या एका ठाण्यात करून पाहिला गेला आणि मग क्रमाक्रमाने शहरभर नेला गेला. नवी व्यवस्था कोणत्या ठाण्यात आधी आणि कोणत्यात नंतर, एवढे जरी चिठ्ठ्या टाकून ठरवले असते, तरी तुलनेचे सारे साहित्य आपोआप हाती आले असते. ग्रामीण रुग्णालयांतील परिचारिकांच्या आणि एसटीच्या चालकांच्या बाबतीत हे अजून करता येईल. दरम्यान देवनारच्या त्या ठाण्यातले रजांचे, आजारपणाचे आणि तपासाचे आधीचे व नंतरचे कागद मांडून पाहायला एखादा संशोधक पाठवता येईल; टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही देवनारलाच असल्यामुळे त्याला प्रवासखर्चही द्यावा लागणार नाही.