दुसरी फळी कुठे घडते?

जून २०२५ मध्ये नागपूरजवळ जामठ्याला पहिली विदर्भ प्रो टी-२० लीग झाली. तेव्हा आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एकजण म्हणाले, "सर, आता खेड्यातल्या पोरांचं भलं झालं." मला तसं वाटत नाही. लीग वाईट आहे असं नाही. रणजीच्या संघात नसलेल्या पोराला टीव्हीवर चार षटकं टाकायला मिळाली, आयपीएलच्या माणसांनी पाहिलं, तर चांगलंच आहे. पण ही जिन्याची वरची पायरी. खालच्या पायऱ्यांचं काय?

सहा संघ होते. नावांत नागपूर दोनदा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर एकदाही नाही. पुण्याकडे २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग निघाली, तिथे निदान रत्नागिरी, सोलापूर, कोल्हापूर अशी नावं होती, आणि पहिल्या वर्षी जिंकलंही रत्नागिरीच. पण सामने सगळे गहुंज्यात! रत्नागिरीच्या पोराने रत्नागिरीचा संघ पाहायला पुण्याला जायचं. असो.

अमेरिकेत त्यांचा जो फुटबॉल आहे (आपला नव्हे, हाताने धरून पळायचा) त्यात दुय्यम लीगचे प्रयोग किती झाले ते वाचून मी थक्क झालो. मुख्य लीगने युरोपात चालवलेली लीग २००७ ला बंद केली. २०१९ मध्ये एक निघाली, ती पहिला हंगामही पुरा करू शकली नाही. पुढे आणखी दोन निघाल्या, त्या २०२४ ला एकत्र येऊन एक झाल्या. कारण साधं आहे. तिथे खेळाडू कॉलेजच्या मैदानावर तयार होतो, आणि मोठ्या लीगला तो कित्येक दशकं आयताच मिळाला. आयतं मिळतंय तर नर्सरीवर पैसा कोण घालणार?

आपल्याकडे ते कॉलेज म्हणजे शाळेचं मैदान आणि तालुक्याच्या स्पर्धा. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी खेळाडूंचे फॉर्म भरण्यात आम्हा मास्तरांची वर्षं गेली. मॅट नाही, पोरांच्या प्रवासाचे पैसे कुणी तरी खिशातून घालायचं. उमेश यादव खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीच्या वस्तीतून आला, लेदरचा चेंडू त्याच्या हाती आला तोच विशीच्या आसपास. आमच्या जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर २०२१ ला मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकांत एकही धाव दिली नाही, दोन बळी घेतले. टी-२० त असं आधी जगात कुणी केलं नव्हतं. हे दोघे विदर्भ लीग निघायच्या आधीच घडले. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला जिंकला, तेव्हाही ही लीग नव्हती.

म्हणजे लीग घडवत नाही, घडलेलं दाखवते. दाखवण्याचा पैसा जमतोय तर त्यातला वाटा खाली यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्याला एक नीट खेळपट्टी, पगारी प्रशिक्षक, आणि लीगचे दोन तरी सामने नागपूरबाहेर. आणखी एक. प्रत्येक संघात जिल्ह्यांतली, एकोणीस वर्षांखालची दोन पोरं खेळवलीच पाहिजेत, नुसती बाकावर बसवायची नाहीत.

आता तारखांचं बघा. ५ ते १५ जून म्हणजे आमच्याकडे पेरणीची लगबग, घरी एकेक हात हवा असतो. आणि उमरखेडच्या पोराला नांदेड जवळ, नागपूर लांब. पण नांदेड दुसऱ्या संघटनेत! निवड चाचणीला त्याने आदल्या रात्री एसटीने निघायचं, सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी बारा चेंडू टाकायचे, आणि शहरातल्या अकादमीतून आलेल्या पोराशी बरोबरी करायची. निदान चाचणी तरी यवतमाळला घ्या.